सेव्हरन्स, सिझन २ चा शेवट : आतला मार्क मागे का फिरला? (भाग पाहिला नसेल तर पुढे वाचू नका)

जिना :

दहावा भाग, ‘कोल्ड हार्बर’, आत्ता संपला. ७६ मिनिटं जागचा हललो नाही. शेवटचं दृश्य लाल होऊन गोठलं, गायक मेल टॉर्मेचा आवाज सुरू झाला आणि शेजारी बसलेली बहीण म्हणाली, "नालायक आहे हा माणूस." मी विचारलं, "कोणता?" तिथून जो वाद पेटला तो रात्री दोनपर्यंत चालला. ती झोपली, मला झोप येईना, म्हणून इथे लिहितोय.

पहिला सिझन पाहून बरेच दिवस झाले असतील (तो ८ एप्रिल २०२२ ला संपला, दुसरा सुरू व्हायला १७ जानेवारी २०२५ उजाडलं), म्हणून थोडी उजळणी. ल्युमन कंपनीत काही कर्मचाऱ्यांच्या मेंदूत चिप बसवतात. लिफ्ट खाली गेली की बाहेरचं काही आठवत नाही, वर आली की आतलं काही आठवत नाही. मालिकेत त्यांना ‘इनी’ आणि ‘आउटी’ म्हणतात. मी आतला मार्क आणि बाहेरचा मार्क म्हणणार आहे. बाहेरच्या मार्कला सांगितलेलं असतं की बायको जेमा अपघातात गेली. ते दुःख निदान कामाच्या वेळात तरी नको, म्हणून त्यानं चिप बसवून घेतली. जेमा जिवंत असते, त्याच इमारतीत, त्याच्या पायाखालच्या मजल्यावर कोंडलेली.

या भागात आतला मार्क तिला दारापर्यंत आणतो. ती बाहेर पाऊल टाकते आणि पुन्हा जेमा होते. काचेवर हात आपटत त्याला हाका मारते. त्यानं एक पाऊल टाकलं की झालं. पण कॉरिडॉरच्या टोकाला हेली उभी असते, आतल्या मार्कची सहकारी, जिच्यावर त्याचं प्रेम आहे. तो दोघींकडे पाहतो आणि हेलीकडे जातो.

बहिणीचं म्हणणं, त्यानं बायकोला सोडलं. माझं म्हणणं, ती त्याची बायको नव्हतीच. ज्याची होती तो माणूस त्या दाराच्या पलीकडे अस्तित्वात येणार होता, आणि तो अस्तित्वात आला की हा संपणार होता. कायमचा, कारण बाहेरच्या मार्कला बायको मिळाल्यावर तो पुन्हा कशाला ल्युमनची पायरी चढेल? एका अनोळखी माणसाचा संसार पुन्हा उभा राहावा म्हणून आतल्या मार्कनं मरावं, अशी आपण सगळे त्याच्याकडून अपेक्षा करत होतो. आणि मीही करत होतो! तो जिन्याजवळ थांबला तेव्हा मी मोठ्यानं "जा ना!" म्हटलं. म्हणूनच नंतर इतकं हलल्यासारखं झालं.

माझ्या मते सगळं उत्तर भागाच्या सुरुवातीलाच आहे, केबिनमधल्या त्या कॅमकॉर्डरच्या संवादात. दारात एक रेघ. आत असला की आतला मार्क, बाहेर ओट्यावर आला की बाहेरचा. एकानं निरोप रेकॉर्ड करायचा, रेघ ओलांडायची, दुसऱ्यानं तो पाहायचा. बाहेरचा मार्क सुरुवातीला किती चांगला वागतो. माफी मागतो. तुझ्यासाठी ही जागा तुरुंग झाली, मला कळलं नाही, म्हणतो. मग आपण दोघं एक होऊ, रीइंटिग्रेशन करू, असं वचन देतो. आणि मग त्या मुलीचं नाव चुकवतो. हेलीला ‘हेलेनी’ म्हणतो.

ॲडम स्कॉटचा चेहरा तिथे पुन्हा पाहा. आतल्या मार्कच्या सगळ्या आयुष्यात मौल्यवान अशी एकच गोष्ट, आणि समोरच्याला तिचं नावसुद्धा नीट ऐकून घ्यावंसं वाटलेलं नाही. त्या क्षणापासून त्याला वचनाचा हिशोब दिसायला लागतो. याचं आयुष्य जेमतेम दोन वर्षांचं, तेही ऑफिसात. त्याचं चार दशकांचं. दोघं ‘एक’ झाले तर त्या मिश्रणात हा किती उरेल? आणि जेमा घरात असताना त्या मिश्रणातलं हेलीवरचं प्रेम कुठे जाईल?

इतकं कळूनही तो जेमाला सोडवायला जातो. जीव धोक्यात घालून जातो. ज्याच्यावर विश्वास उरलेला नाही त्याच्या बायकोला दाराबाहेर काढून देतो. त्यापुढचं पाऊल मात्र तो स्वतःसाठी ठेवतो. मला हा माणूस नालायक वाटत नाही.

तुम्हाला काय वाटलं? बहिणीला उद्या हा धागा दाखवणार आहे.

उत्तररात्र :

तुमच्या बहिणीला माझं पूर्ण अनुमोदन कळवा.

मला हा शेवट पाहवला नाही. सातवा भाग आठवा, जेमाचा. तिच्या एकेका दिवसात काय काय होतं? एका खोलीत गेली की दातांच्या डॉक्टरची खुर्ची, दुसरीत हादरणारं विमान, तिसरीत नाताळच्या आभारपत्रांचा ढीग, लिहून लिहून हात भरून येईपर्यंत. खोलीतल्या प्रत्येकीला फक्त तेवढंच माहीत. आणि बाहेर आल्यावर जेमाला आठवत काही नाही, नुसता हात दुखतोय, दात दुखतोय. इतकं भोगून ती दाराबाहेर येते, नवरा एका पावलावर असतो, आणि त्याच्या चेहऱ्याचा माणूस तिच्याकडे पाठ करून दुसऱ्या बाईचा हात धरून पळतो.

तुम्ही म्हणाल तो दुसरा माणूस आहे. तत्त्व म्हणून मान्य. पण जेमाला दिसलं ते काय? त्या काचेपलीकडे उभं राहून बघा. सगळी चर्चा ‘मार्कचे दोन भाग’ याच्याभोवतीच फिरते आणि खाली कोंडलेली बाई पुन्हा एकदा दोन पुरुषांच्या वादातली वस्तू होते. जेमा झालेल्या डिचेन लॅकमननं त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात जो आवाज काढलाय तो माझ्या कानातून जात नाही.

सातवा तारा :

मी तर ऑफिसात आणलेल्या त्या बँडसाठीच भाग दोनदा पाहिला. मजल्याचा व्यवस्थापक मिल्चिक असा काही नाचतो, असा काही ड्रम वाजवतो की त्याची भीतीही वाटते आणि नजरही हटत नाही. आणि मार्कचा सहकारी डिलन, त्याला आलेलं पत्र! त्याच्या आतल्यानं राजीनामा दिलेला, बाहेरचा डिलन उत्तरात आधी रागावतो आणि मग कबूल करतो की तुझ्यात जो आत्मविश्वास आहे तो माझ्यात असता तर बरं झालं असतं. तू आहेस हे माहीत असणं मला आवडतं. मी तिथे रडले. मार्कच्या दोन बाजूंना जे जमलं नाही ते डिलनच्या दोन बाजूंना एका साध्या पत्रात जमलं.

जिना :

सातवा तारा, हे मला सुचलंच नव्हतं. बरोबर आहे. डिलनच्या पत्रात आदर आहे. मार्कच्या कॅमकॉर्डरमध्ये विनंती आहे, आणि विनंतीच्या आत गृहीत धरणं आहे.

उत्तररात्र, जेमाबद्दल तुमचं म्हणणं मनाला लागलं. विचार करतोय.

पांढरा कोट :

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे ही मालिका पाहताना माझी जरा वेगळी अवस्था होते. आम्ही रोज मिडॅझोलॅम हे गुंगीचं औषध वापरतो. काही तपासण्यांमध्ये रुग्ण पूर्ण बेशुद्ध नसतो. "कुशीवर वळा" म्हटलं की वळतो, दुखलं तर "दुखतंय" म्हणतो, कधी हात ढकलतो. अर्ध्या तासानं विचारतो, "सुरू कधी करणार?" झालं असं सांगितलं की त्याला खरं वाटत नाही. त्या औषधाच्या अंमलाखाली नव्या आठवणी साठतच नाहीत.

शिकत असताना माझ्या मनात यायचं, की ज्यानं "दुखतंय" म्हटलं तो कुठे गेला? घरी गेला तो तर म्हणतो मला काहीच झालं नाही. वरिष्ठांना विचारलं तर उत्तर मिळायचं, आठवत नाही म्हणजे त्रास नाही. मला ते कधीच पटलं नाही, म्हणून मी आजही अशा रुग्णाशी सगळं आठवणार आहे असं धरूनच बोलते. जेमाचा दातांच्या खोलीतला प्रसंग पाहिला तेव्हा पोटात खड्डा पडला.

आता ‘कोल्ड हार्बर’ या खोलीबद्दल. ती पंचविसावी आणि शेवटची. आत एक पाळणा, आणि तो सुटा करायचं काम. जेमा आणि मार्कला मूल हवं होतं, झालं नाही. तो पाळणा त्याच दुःखाचा. ल्युमनवाले पडद्यावर डोळे लावून बसतात, कारण त्यांना पाहायचं असतं की तिच्या आयुष्यातली सर्वांत खोल जखम चिपच्या भिंतीतून झिरपते का. ती एकेक दांडी काढत जाते, चेहऱ्यावर काही नाही. ते खूश होतात.

प्रत्यक्षात मेंदूची भिंत इतकी पक्की नसते. १९५३ मध्ये हेन्री मोलाइसन या रुग्णाच्या अपस्मारावर उपाय म्हणून डॉ. स्कोव्हिल यांनी मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाचा) समावेश असलेला भाग काढला. त्यानंतर २००८ मध्ये वारेपर्यंत त्यांना नवी घटना लक्षात ठेवता आली नाही. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला लावली. प्रत्येक वेळी मोलाइसन म्हणणार हे मी कधी केलेलं नाही, पण हात मात्र दिवसागणिक सफाईनं चालायला लागला. त्याच्याही आधी, १९११ मध्ये, क्लापारेद या स्विस डॉक्टरांनी स्मृती गेलेल्या एका बाईशी हस्तांदोलन करताना हातातली टाचणी टोचल्याची नोंद केली आहे. नंतर त्या बाईंना तो प्रसंग आठवत नव्हता, पण हात पुढे करायला त्या तयार होईनात.

आणि भावनांचं म्हणाल तर आयोवा विद्यापीठाचा २०१० चा अभ्यास आहे. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांना दुःखी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळानं त्यांना काय पाहिलं ते आठवेना, पण उदास वाटणं तसंच राहिलं. कारण विसरलं, दुःख उरलं.

त्यामुळे पाळणा सुटा करणाऱ्या त्या बाईचे हात मी पुन्हा पुन्हा पाहिले. चेहरा कोरा आहे. हात कोरे आहेत का, हे मालिकेनं नक्की सांगितलेलं नाही. पण खोलीत ऐकू येणाऱ्या ल्युमनवाल्यांच्या आवाजाचं आज्ञापालन न करता ती रक्तानं माखलेल्या एका माणसाबरोबर (तिच्या लेखी मार्क अनोळखीच) खोलीबाहेर चालत जाते, हे मला फार मोठं वाटतं.

वाचनवेडी :

पांढरा कोट, हा प्रतिसाद जपून ठेवतेय. "कारण विसरलं, दुःख उरलं" यानंतर बराच वेळ काही वाचता आलं नाही. माझ्या आजीच्या शेवटच्या वर्षांत आम्ही हेच पाहिलं. भेटून गेलेलं माणूस ती विसरायची, पण त्या दिवशी तिचा चेहरा खुललेला असायचा.

तळघर :

जिना यांच्या मूळ मुद्द्यावर येतो. ‘तो वेगळा माणूस आहे का’ हा प्रश्न या मालिकेपेक्षा तीनशे वर्षांहून जुना आहे, आणि चकित व्हाल इतका नेमका विचारला गेलाय. जॉन लॉकनं मानवी आकलनावरच्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, १६९४ मध्ये, व्यक्तीची ओळख कशात असते यावर एक नवं प्रकरण घातलं. त्यात तो म्हणतो, समजा एकाच शरीरात दोन जाणिवा आहेत. एक फक्त दिवसा जागी असते, दुसरी फक्त रात्री, आणि एकीला दुसरीचं काहीच माहीत नाही. मग हा दिवसाचा माणूस आणि रात्रीचा माणूस सॉक्रेटिस आणि प्लेटो यांच्याइतके वेगळे नाहीत का?

‘रात्र’ काढून ‘ऑफिस’ लिहा. लॉकच्या हिशोबानं जिना यांचं बरोबर आहे: जिथवर आठवण पोचते तिथवर माणूस. आतल्या मार्कला जेमाचं लग्न आठवत नाही, त्याला त्या लग्नाला बांधता येणार नाही.

पण लॉक इथे थांबत नाही. तो शिक्षेचाही विचार करतो. झोपेतल्या सॉक्रेटिसनं काही केलं आणि जागत्या सॉक्रेटिसला त्याची जाणीवच नसेल, तर जागत्याला शिक्षा करणं म्हणजे जुळ्या भावांतल्या एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याला धरणं. आता या भागातली लिफ्ट आठवा. आतल्या मार्कनं ल्युमनच्या ड्रमंड नावाच्या माणसाच्या मानेवर बंदूक टेकवलीय. लिफ्ट आणखी खाली, जेमाच्या मजल्यावर जाते, जिथे आतला मार्क उरत नाही. बदलाच्या झटक्यात बोट आवळलं जातं, गोळी सुटते. डोळे उघडतो तेव्हा बाहेरचा मार्क असतो, समोर कोसळणारा माणूस. मारलं कुणी? एकानं बंदूक धरली, दुसऱ्याच्या जागेपणात ती उडाली. आणि त्याच रक्तानं पुढे कोल्ड हार्बरचं दार उघडतं. लेखकांनी हा प्रसंग केवळ थरारासाठी लिहिलाय असं मला वाटत नाही.

सातवा तारा :

बापरे. मी तो प्रसंग पाहताना नुसती किंचाळले होते.

उलटं घड्याळ :

चर्चा छान चाललीय, पण ‘आठवण नाही म्हणजे वेगळा माणूस’ हे मला फार सोपं करून घेतल्यासारखं वाटतं. दोन्ही मार्कांना एकच भाषा येते. दोघांचा विनोद एकसारखा, हट्ट एकसारखा. राग आला की दोघांचाही आवाज खाली जातो. दोघंही प्रेमात पडले की सगळं पणाला लावतात! पांढरा कोट यांनी सांगितलेलं मोलाइसन यांचं उदाहरण घ्या. त्यांना काल भेटलेली व्यक्ती आठवत नव्हती, म्हणून ते रोज वेगळे माणूस होते असं तिथे कुणीच म्हटलं नाही.

मेंदू खरोखर दुभागला तर काय होतं, तेही पाहून झालंय. अपस्मारासाठी ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांमधला सेतू कापला, त्या रुग्णांवर रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझानिगा यांनी काम केलं. स्पेरींना १९८१ चं नोबेल मिळालं. एका रुग्णाच्या डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पंजा दाखवला, उजव्याला बर्फाचं दृश्य. जुळणारी चित्रं निवडायला सांगितल्यावर एका हातानं कोंबडी निवडली, दुसऱ्यानं फावडं. फावडं का, असं विचारल्यावर बोलणाऱ्या डाव्या अर्धगोलानं क्षणात कारण जुळवलं: कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं. त्याला बर्फ माहीतच नव्हता.

मला यातून असं दिसतं, की तुटलेल्या दोन्ही बाजूंना आपण अखंड आहोत असंच वाटतं. त्यामुळे आतला मार्क ‘मी पूर्ण माणूस आहे’ म्हणतो तेव्हा त्याच्या वाटण्यावर मी शंका घेत नाही, पण तो पुरावा मानत नाही. एकच माणूस आहे, त्याला कापलंय. शोकांतिका ही आहे.

चिप जागेवर अवलंबून असणं मात्र मला पहिल्यापासून आवडलं. मेंदूला जागेचं भान असतंच. ओकीफ यांनी १९७१ मध्ये हिप्पोकॅम्पसमध्ये विशिष्ट जागी आलं की पेटणाऱ्या पेशी दाखवल्या, त्यासाठी २०१४ चं नोबेल त्यांना मोझर दांपत्याबरोबर मिळालं. १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही किनाऱ्यावर पाठ करायला लावले. जिथे पाठ केले तिथेच ते जास्त आठवले. त्यावरून चिपपर्यंत उडी मोठी आहे, पण मुळाशी काहीतरी खरं आहे.

जिना :

उलटं घड्याळ, "एकच माणूस आहे, त्याला कापलंय" हे वाक्य बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हेच मी दोन तास सांगत होते.

पण मग मला सांगा, कापलेल्या त्या माणसाला पुन्हा जोडायचं कुणाच्या संमतीनं? पहिल्या सिझनमध्ये मार्कचा सहकारी पीटी, त्याचं काय झालं ते आपण पाहिलंय. रीइंटिग्रेशननंतर त्याला काळवेळ कळेनासा झाला, आणि तो गेला. मार्कची प्रक्रिया ल्युमन सोडलेल्या डॉ. रेघाबीनं सुरू केली तेव्हाही निर्णय बाहेरच्यानं घेतला. आतल्याला कुणी विचारलं? लिफ्टमध्ये रोज पाठवताना विचारलं नाही, जोडताना विचारलं नाही. केबिनमध्ये पहिल्यांदा विचारलं, तेही काम होतं म्हणून. एकच माणूस असेल तर त्याच्या एका अर्ध्यानं दुसऱ्या अर्ध्याला नोकर म्हणून वापरलंय, आणि ज्याला वापरलं त्याला ‘नाही’ म्हणायचा हक्क आहेच.

तळघर :

अनुमोदन. आणि हेलीनं बँडसमोर जे भाषण केलं त्याचा गाभा हाच. अर्धंच आयुष्य दिलंय, म्हणून आम्ही त्यासाठी झगडणार नाही असं समजू नका.

वाचनवेडी :

एक छोटी माहिती. ल्युमनची बाहेरून दिसणारी ती आरशासारखी इमारत म्हणजे न्यू जर्सीतल्या होमडेल इथलं बेल लॅब्जचं जुनं संकुल. वास्तुरचना ईरो सारिनेनची, १९६२ मध्ये सुरू झालेलं. होमडेल परिसरातच कार्ल जान्स्कीनं १९३० च्या दशकात आकाशगंगेकडून येणाऱ्या रेडिओलहरी पहिल्यांदा ओळखल्या, आणि १९६४ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना विश्वाच्या जन्मापासून उरलेलं पार्श्वप्रारण तिथल्याच ॲन्टेनावर सापडलं. अशा जागेच्या पोटात ही कथा घडते हे कळल्यापासून मला ती इमारत वेगळीच दिसायला लागलीय.

उत्तररात्र :

मी पुन्हा येतेय, कारण दोन दिवस हेच डोक्यात आहे.

जिना, तुमचा हक्काचा मुद्दा मी मान्य केला. आतल्या मार्कनं मरावं अशी अपेक्षा करायला मी कोण? पण मग शेवटच्या धावण्यात आनंद नाही हेही मान्य करा. ते दोघं पळून जाणार कुठे? तिथे प्रत्येक दार त्यांच्या विरोधात आहे. हेलीनं स्वतःच त्याला आधी सांगितलं होतं, की मी ल्युमनच्या मालक ईगन घराण्याची मुलगी आहे, माझं आणि तुझं पुढे काही नाही, तू जेमाला सोडव. ब्रिट लोअरनं ते ज्या शांतपणे म्हटलंय! ती त्याला जायला सांगते आणि शेवटी त्याला शोधत कॉरिडॉरमध्ये येतेही. दोघांना मिळून पाच मिनिटं मिळतील, फार तर दहा. चित्र गोठतं तेव्हा मार्कच्या चेहऱ्यावरचं हसू विरत चाललेलं मला दिसलं. तुम्हाला दिसलं का?

जिना :

दिसलं. आणि तुम्ही म्हणता तसं, तो सुटकेचा शेवट नाहीच. पण पाच मिनिटं त्याची स्वतःची आहेत.

सातवा तारा :

तिसरा सिझन जाहीर झालाय, भाग आला त्याच दिवशी! आता पुन्हा तीन वर्षं थांबवू नका एवढीच प्रार्थना.

मला मात्र एक तक्रार नोंदवायची आहे. ल्युमनमध्ये बकऱ्या सांभाळणाऱ्या लॉर्नला इतक्या उशिरा का आणलं? ग्वेंडोलिन क्रिस्टीसारखी अभिनेत्री, बळी द्यायला आणलेल्या त्या बकरीला कवटाळून उभी, आणि तिचं सगळं दुःख आपल्याला चार-पाच मिनिटांत समजून घ्यायचं. आठवा भाग पूर्ण कोबेलला, मार्कच्या जुन्या वरिष्ठ बाईला दिला, त्यातला थोडा वेळ लॉर्नला मिळाला असता तर ड्रमंडशी झालेल्या झटापटीला किती वजन आलं असतं.

पांढरा कोट :

कोबेलचा भाग मला गरजेचा वाटला. चिपची कल्पना मुळात तिची, आणि श्रेय दुसऱ्यांनी घेतलं, हे कळल्याशिवाय या भागात ती मार्कला खरं का सांगते ते समजलं नसतं. लॉर्नबद्दल सहमत.

(सप्टेंबर २०२५)

वाचनवेडी :

धागा वर काढतेय. एमी पुरस्कार पाहिलेत का? हेली झालेल्या ब्रिट लोअरला प्रमुख अभिनेत्रीचं, मिल्चिक झालेल्या ट्रॅमेल टिलमनला सहायक अभिनेत्याचं. नाट्यमालिकेतलं हे सहायक अभिनेत्याचं एमी मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय अभिनेता. त्या बँडच्या दृश्यानंतर दुसरं काही होणंच शक्य नव्हतं.

या निमित्तानं दोन्ही सिझन सलग पुन्हा पाहिले, आणि एक गोष्ट दिसली जी या इतक्या मोठ्या धाग्यात आपल्यापैकी कुणीच लिहिली नाही. आपण बाहेरच्या मार्कबद्दल बोललो, आतल्याबद्दल, जेमाबद्दल, हेलीबद्दल. कामाच्या मजल्यावर जेमाची जी ‘आतली’ जागी होते त्या मिस केसीबद्दल कुणीच नाही.

लिफ्ट खालून वर येते तेव्हा मार्क आणि जेमा एकमेकांच्या मिठीत असतात. मधेच बदल होतो. आता तिथे आतला मार्क असतो आणि मिस केसी. तिला काही कळत नसतं. भोंगे, लाल दिवे, धावपळ. तो तिचा हात धरून तिला कॉरिडॉरमधून नेतो, दारापाशी आणतो आणि बाहेर जायला सांगतो. ती जाते. दाराबाहेर जेमा उभी राहते.

पहिल्या सिझनमध्ये मिस केसीला खाली पाठवून देतात तेव्हा ती मार्कला सांगते, की तिचं सगळं आयुष्य १०७ तासांचं आहे. बहुतेक वेळ अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेलनेस सत्रांत गेलेला. सर्वांत आवडता काळ म्हणजे हेलीवर लक्ष ठेवायला त्यांच्या विभागात बसली होती ते आठ तास.

जिना, तुम्ही विचारलं होतं, आतल्या मार्कला कुणी विचारलं का? मला तुम्हाला विचारायचंय, मिस केसीला त्यानं विचारलं का?

जिना :

हे वाचून लगेच तो भाग लावला. बहिणीलाही हाक मारली. आम्ही लिफ्टपासून दारापर्यंतचा तुकडा तीन वेळा पाहिला.

नाही विचारलं. ज्याला स्वतःला दाराबाहेर ढकलायला जग निघालं होतं, त्यानं तिला दाराबाहेर पाठवलं. त्याला घाई होती, मागे माणसं होती, आणि ती बाहेर गेली नसती तर जेमा मेली असती. हे सगळं खरं. तरी विचारलं नाही. आणि मार्चमध्ये एवढं मोठं लिहिताना माझ्याही लक्षात आलं नाही. मी सरळ लिहून टाकलं की आतला मार्क ‘जेमाला’ दारापर्यंत आणतो. दारापर्यंत जेमा आलीच नव्हती. उंबरठ्यापर्यंत मिस केसीच होती.

उंबरठ्यावर ती किंचित थांबते. क्षणभर मार्ककडे वळून बघते. बहीण म्हणाली, पुन्हा लाव. मी पुन्हा लावला.